ठमीच्या वाढदिवसाचं एस्टिमेट

रविवारची सकाळ होती. ठमी आईच्या मांडीवर बसून कुस्करलेलं केळं खात होती. म्हणजे एक चमचा तोंडात आणि दोन चमचे आईच्या गाऊनवर, अशा बेतानं. आजी खिडकीशी पेपर वाचत होत्या. ठमीचे बाबा बाथरूममध्ये दाढी करता करता आकडे पुटपुटत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात एक माणूस उभा. कमरेला मोजपट्टी, कानावर पेन्सिल आणि काखेत फुग्यांच्या फोटोंचा अल्बम.

"साइट कुठंय?" त्यानं विचारलं.

बिचारा चुकून आपल्या दारात आला, असं ठमीच्या आईला वाटलं. पण बाथरूमच्या दारातून अर्धा फेस लावलेलं तोंड बाहेर आलं आणि म्हणालं, "इथंच, इथंच. या, माप घ्या."

साइट म्हणजे त्यांची बाहेरची खोली. दहा बाय चौदा. त्यातले चार फूट सोफ्यानं खाल्लेले, दोन फूट कपाटानं, आणि उरलेल्यात ठमीचे लंगोट वाळत घातलेला स्टँड. डेकोरेशनवाल्यानं इमानेइतबारे पट्टी लावली आणि फुग्यांची कमान कुठून कुठे जाईल ते हातानं दाखवलं. कमान कपाटाच्या दारातून आत जाऊन खिडकीबाहेर निघत होती. ठमीच्या बाबांनी त्याला एका फुटाला किती फुगे लागतात ते विचारलं, त्यातले किती फुटतात तेही विचारलं आणि कोटेशन तासाभरात लेखी पाठवायला सांगितलं. माणूस जिना उतरताना स्वतःशीच काहीतरी बोलत होता. ते कौतुक नसावं.

ठमीचे बाबा रंगकामाच्या एका कंत्राटदाराकडे एस्टिमेट करायचे. भिंतीकडे नुसतं पाहून किती लिटर रंग लागेल हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोलताना दर वाक्याला "अंदाजे" म्हणायची सवय, म्हणून ऑफिसात आणि घरात त्यांचं नाव अंदाजराव. ठमी जन्मली तेव्हा नर्सनं वजन करायच्या आत त्यांनी "अंदाजे पावणेतीन किलो" असं सांगून टाकलं होतं. ठमी भरली सव्वातीन. ती चूक त्यांनी आजवर हॉस्पिटलच्या काट्याच्या नावावर ठेवली आहे.

ऑफिसचा नियम असा, की कुठल्याही कामाला तीन कोटेशनं घ्यायची आणि सगळ्यांत कमी असेल त्याला काम द्यायचं. वाढदिवसासाठी घरात आठ हजार बाजूला काढलेले होते. मग हाच नियम घरी लावला तर बिघडलं कुठं, असं अंदाजरावांना वाटलं. त्यांना असं बरंच काही वाटतं.

ठमीची आई एका लॅबमध्ये लोकांचं रक्त घ्यायचं काम करते. सकाळी साडेसहाला घर सोडते. उपाशीपोटी कावलेली माणसं रांगेत बसलेली असतात. एकेकाच्या दंडाला पट्टा बांधायचा, दोन बोटांनी शीर चाचपायची आणि "सुट्टी कधी लागणार मुलांना?" असं काहीतरी विचारत सुई घालायची. उत्तर पुरं व्हायच्या आत नळी भरलेली असते. तिचा हात इतका हलका, की म्हातारी माणसं दुसरी टेबलं रिकामी असली तरी हिच्यासाठी थांबून राहतात. तिच्या नणंदेनं या कौशल्याचा योग्य तो गौरव करून तिचं नाव "डास" ठेवलेलं आहे.

ठमी सहा महिन्यांची झाली आणि हिची रजा संपली. तेव्हापासून ठमीनं जे जे पहिल्यांदा केलं, ते ते हिला फोनवर कळलं. पहिला दात आजींना सापडला. चमचा खणकन वाजला म्हणून. पहिली टाळी शेजारणीसमोर. रांगायला लागली तेव्हा ही एका पैलवानाच्या दंडाशी झटत होती आणि पैलवान डोळे मिटून रडायच्या बेतात होता. घरी येईतो ठमी झोपलेली, आणि उठली की रांगणं जुनं झालेलं. म्हणून पहिला वाढदिवस तरी हातचा जाऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. वाढदिवस येत होता गुरुवारी. त्या एका दिवसाच्या बदल्यात पुढचे तीन रविवार लॅबमधल्या दुसऱ्या बाईच्या जागी काम करायचं तिनं कबूल केलं होतं. पूर्ण दिवस ठमीबरोबर, एवढाच तिचा बेत. त्याला कोटेशन लागत नव्हतं.

दहा वाजता नणंद आली आणि सभा भरली. ताईंनी आल्या आल्या पाहुण्यांची यादी मागितली आणि वाचून यादीचीच कीव केली. अठरा माणसं म्हणजे काय वाढदिवस असतो? त्यांच्या सासरचे सहा राहिले होते. त्या सहांना बोलावलं तर धाकट्या काकांकडच्यांना का नाही, असं म्हणत आजींनी पाच घातले. अंदाजरावांनी ऑफिसातले सात घातले, कारण त्यांच्या मुलांच्या वाढदिवसांना यांनी खाल्लेलं होतं. यादी छत्तीसवर गेली. खोली होती तेवढीच राहिली. पाहुणे दोन पाळ्यांत येतील, असं अंदाजरावांनी सुचवलं. पाच ते सहा आणि सहा ते सात. पहिल्या पाळीचे उठले नाहीत तर काय करायचं, या आजींच्या प्रश्नावर ते अजून विचार करताहेत.

मग त्यांनी कागद उलगडला. एस्टिमेट देखणं होतं, खोटं कशाला बोला. केक, सँडविच, सरबत, फुगे, खुर्च्या, येणाऱ्या मुलांना द्यायच्या पिशव्या, सगळं क्रमवार. प्रत्येकापुढे तीन कोटेशनं: दोन बाजारातली आणि तिसरं "घरी". तिसरं कोटेशन कधी हरत नव्हतं. केकवाली बाई अठराशे म्हणत होती. घरी मैदा, साखर, अंडी मिळून चारशे. सँडविच घरी. सरबत घरी. फुगे आदल्या दिवशी घरी फुगवायचे. पाच टक्के फूटतूटसुद्धा धरलेली होती. खुर्च्या तेवढ्या भाड्यानं, कारण त्या घरी करता येईनात. बेरीज सात हजार नऊशे साठ. अंदाजरावांचा चेहरा असा खुलला होता, की जणू पूल बांधून झाला.

ठमीच्या आईनं कागद वरून खाली वाचला. मग खालून वर.

"यात मजुरी कुठं धरलीय?" तिनं विचारलं.

अंदाजरावांना प्रश्नच कळेना. "मजुरी कुणाची? घरचंच तर काम आहे."

ऑफिसात हा माणूस शिडी धरून उभ्या राहणाऱ्याची मजुरी विसरत नाही. एकदा कंत्राटदारानं ती वगळली, तेव्हा हे त्याच्याशी भांडले होते आणि ती गोष्ट चार वेळा घरी सांगितली होती. पण हे सगळं घरी म्हणजे कोण करणार, असा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

"अगं डास, तुला कसली धाड भरलीय?" ताई म्हणाल्या. "उभ्यानं काम करायची तुला सवयच आहे. आणि ठमीची काळजी नको, ती दिवसभर माझ्याकडे."

ठमी ताईंकडे गेली की रडून रडून टोमॅटोसारखी लाल होते आणि शेजारपाजारचे डोकावून जातात. पण ताईंचं कोटेशन फुकट होतं, त्यामुळे तेही पास झालेलं होतं.

कागदाच्या मागच्या बाजूला गुरुवारचं वेळापत्रक होतं. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत चौकोन आखलेले. केक भाजणे, भाज्या चिरणे, सरबत ढवळणे, पहिली पाळी, ग्लास विसळणे, दुसरी पाळी. सहा चाळीस ते सहा पंचेचाळीस या चौकोनात लिहिलं होतं, "आईसोबत फोटो."

"पाच मिनिटं पुरतात," अंदाजराव म्हणाले, "अंदाजे."

आजींनी चष्म्यावरून लेकाकडे बघितलं आणि त्याचा स्वतःचा पहिला वाढदिवस एका फुग्यात झाला होता, तोही फुटल्यावर तो तासभर रडला होता, एवढीच माहिती दिली. ताई हसल्या. कुणीतरी म्हणालं, आता चहा तरी होऊ दे. कुणीतरी म्हणजे सगळेच. ठमीच्या आईनं ठमीला सतरंजीवर बसवलं आणि ती आत गेली.

चहा उकळत होता, ती कपबश्या मांडत होती, तेव्हा बाहेर एकच गलका झाला. टाळ्या, ताईंचा चिरका आवाज, आजींचं "अगो बाई." ती ट्रे घेऊन धावतच बाहेर आली. चहा बशांत सांडला.

ठमी सतरंजीवर बसलेली होती आणि अंदाजरावांची पेन्सिल चघळत होती.

"उभी राहिली," अंदाजराव म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "कशालाही न धरता. अंदाजे... नाही, मी मोजलं. चार सेकंद."

मग सगळ्यांनी मिळून ठमीला पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. ताईंनी किल्ल्या वाजवल्या, आजींनी चष्मा दाखवला. अंदाजरावांनी तिला काखेत धरून उभं केलं आणि हात सोडले. ठमी मटकन बसली आणि पेन्सिलीकडे वळली. "करेल परत, पाच मिनिटांत करेल," असं ते म्हणत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहावर साय धरली.

ठमीच्या आईनं ट्रे त्या एस्टिमेटवरच ठेवला. खाली बसली, ठमीच्या तोंडातली पेन्सिल काढली, तिला उचलून कडेवर घेतलं. आवाज चढवला नाही. लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटशी बोलते, त्याच आवाजात बोलली.

"माझं एकच मागणं आहे. गुरुवारी सकाळपासून रात्रीपर्यंत ठमी माझ्या कडेवर राहू द्या. तिला खाली ठेवायला लागेल असं कुठलंही काम मला सांगू नका."