साडेतीनचा पाळणा

आमच्या घरातलं भूत दुपारी साडेतीनला यायचं, चारच्या सुमारास जायचं आणि रविवारी सुट्टी घ्यायचं.

(मी कारखान्यात कामाला होतो, त्यामुळे हजेरीची ही पद्धत मला ओळखीची वाटली. पण ओळखीची वाटली म्हणून भीती काही कमी झाली नाही!)

नवे पैसे यायच्या थोडी आधीची गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते आणि मी चिपळूणकडून येऊन त्यातल्या एकात फिटर म्हणून चिकटलो होतो. राहायला चिंचवड गावात ठकुबाईंच्या घराची अर्धी बाजू भाड्याने घेतली. मधे हातभर जाडीची मातीची भिंत. पलीकडे ठकुबाई आणि त्यांचे मालक, अलीकडे मी, माझी बायको कमल, माझी आई आणि दोन महिन्यांची आमची पहिली मुलगी शकू.

शकूच्या बारशाला मी दोरीचा पाळणा टांगला नाही. फिटरची मुलगी ती! साहेबांची चिठ्ठी घेऊन भंगारातून चांगली साखळी आणली आणि माजघरातल्या तुळईला एक जुनी लोखंडी कडी होती, तिला पाळणा टांगला. ठकुबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "फिटरभाऊ, उरल्या साखळीत आमाला बी येक झोपाळा टांगून द्या की." तोही दिला. पाळण्याची लांबी आणि झोपाळ्याची लांबी यांत सुताचासुद्धा फरक राहू दिला नाही. मोजमापात मी कुणाला ऐकत नसे, आणि हे मी चार लोकांना सांगतही असे.

सगळं छान होतं. फक्त शकूचं पोट दुखायचं.

रोज दिवेलागणीला ती पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची आणि लालबुंद होऊन अशी रडायची की समोरच्या गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडे जायची. पहिलटकरीण कमल तिच्याबरोबर रडायची. आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची. मी पायांच्या तळव्यांवर काजळाची तीट लावून झाली की पोटावर लावायचो, पोटावर झाली की कपाळावर. संध्याकाळ संपेपर्यंत पोरीचं रूप असं व्हायचं की दृष्ट लागण्याची काही सोयच उरायची नाही. तरी रडणं थांबत नसे.

"हे साधं पोटदुखीचं रडणं नव्हे," आई म्हणाली. "कुणीतरी रिकामा पाळणा हलवतंय. रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, हे काय तुला सांगायला हवं?"

"कोण हलवणार? घरात आपण तिघं!"

"तेच तर म्हणतेय मी," आई म्हणाली आणि शकूसाठी गणपतीला साकडं घालायला देवळात निघून गेली. तेव्हापासून ती रोज दुपारी साडेतीनच्या आधी देवळात जायची. रविवार तेवढा सोडून, कारण रविवारी म्हणे गर्दी असते.

मी पहिल्या पाळीहून तीनला घरी यायचो. दुसऱ्याच दिवशी आंघोळ करून वर्तमानपत्र घेऊन टेकलो होतो. कमल भिंतीला पाठ लावून बसली होती, शकू तिच्या मांडीवर झोपलेली. खिडकी बंद. बाहेर ऊन एवढं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. आणि पाळण्यावर बांधलेला लाकडी राघू हळूच थरथरला.

मग साखळी थरथरली. मग पाळणा बोटभर पुढे गेला, बोटभर मागे आला. मग चार बोटं. मग वीतभर. कुणीतरी अगदी मायेने, पोर जागं होऊ नये म्हणून बेताने झोका द्यावा, तसा तो रिकामा पाळणा झुलायला लागला. वर तुळई कर्र... कर्र... करत होती.

"कमल," मी कसाबसा म्हणालो, "तुझा धक्का लागला का गं?"

"मी इथे आहे," कमल म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "अहो, पाळणा तिथे आहे."

पाळणा हळूहळू थांबला. आम्ही श्वास सोडला. आणि तो पुन्हा हलायला लागला! तेवढ्यात शकूने डोळे उघडले, वर तुळईकडे टक लावून पाहिलं आणि ती गोड हसली. आमच्या लेकीचं ते पहिलंवहिलं हसू. आईबापांनी आनंदाने वेडं व्हायचं ते सोडून आम्ही एकमेकांना धरून बसलो. त्यात खोलीत तंबाखू जळल्यासारखा मंद वास दरवळायला लागला. मी विडीसुद्धा ओढत नसे.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी शास्त्रशुद्ध तपास करायचं ठरवलं. (हे शब्द मी तेव्हा खरोखर वापरले होते. कमल अजून आठवण काढते.) खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या. उंदीर असेल म्हणून पाळण्याला तेल चोपडलं. शेवटी पाळण्याखाली ज्वारीचं पीठ पसरलं, कुणी येऊन गेलं तर पावलं उमटतील म्हणून. पाळणा नेमाने हलला. पिठावर एकही पाऊल नाही.

"बघ, पावलं नाहीत!" मी कमलला म्हणालो. "म्हणजे इथे कुणी येत नाही."

"किंवा येतं त्याला पाय नाहीत," कमल म्हणाली.

मी मुकाट्याने पीठ गोळा करायला लागलो.

त्या संध्याकाळी ठकुबाई म्हशीला वैरण टाकून आल्या तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, ही तुळई कुठून आणली हो?"

"इकत न्हाई घेतली," ठकुबाई म्हणाल्या. "पवनामाईला मोटा पूर आला व्हता, तवा वाहत आली. आमच्या सासऱ्यानी दोर टाकून वढून काढली. कुना गावची, कुनाच्या घरची, द्येवाला ठावं. तिला ही कडी तवापासूनच हाय. कडीला दोरीचा तुकडा व्हता लोंबत."

"कसली दोरी?"

"पाळन्याची असंल," ठकुबाई शांतपणे म्हणाल्या. "फुलं गुंफल्याली व्हती तिच्यात लोकरीची. काढून टाकली नि तुळई बसवली."

मी वर पाहिलं. कडी दिव्याच्या उजेडात चमकत होती. मीच तिला कानस मारून लख्ख केली होती.

त्या दिवसापासून घरातली माणसं एकमेकांशी कमी आणि शकूशी जास्त बोलायला लागली. प्रत्येक जण तिला एकट्याने कोपऱ्यात घेऊन बसायचा. पोरीचे गाल उतरले होते. दुपारभर ती गुंगीत पडून राहायची आणि संध्याकाळी पाय आखडून रडायची. एका रात्री कमल म्हणाली, "मी हिला घेऊन माहेरी जाते. इथे ठेवली तर माझी पोर राहणार नाही." ती हे रडत नव्हे, कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

सकाळी आईने रावेतकडच्या एका भगताचं नाव काढलं. पोटाला डाग दिला की बाधा पळते, म्हणे.

मी फिटर माणूस. रात्रीच्या वर्गाला जाऊन यंत्रविद्येची परीक्षा दिलेला. अशा माणसाने काय म्हणावं? "खबरदार!" म्हणावं. मी "कधी येईल?" म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. भगताने डाग द्यायला बोटभर जाडीची सळई मागितली. त्याची नेहमीची सळई गंजकी, टोकाला खरबरीत. म्हटलं, कोवळी कातडी, पोरीला टोचायला नको. म्हणून मी कारखान्यातून चांगली सळई आणली, टोक कानशीने गोल केलं आणि पॉलिश पेपरने घासून असं गुळगुळीत केलं की भगत खूश होऊन म्हणाला, "राव, काम लई नामी करता तुमी!"

आणि मला बरं वाटलं! आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तीनला भगत आला. पाळण्याशेजारी शेगडी पेटवली, तिच्यात सळई खुपसली. आई शकूची पापी घेऊन म्हणाली, "मला नाही हे बघवायचं. मी देवळात जाऊन बसते." डोळ्यांना पदर लावून ती गेली. कमल शकूला उराशी घट्ट धरून कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

साडेतीन झाले. राघू थरथरला.

पण त्या दिवशीचं हलणं निराळं होतं. वीतभर नाही, हातभर! पाळणा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जायला लागला. तुळई कण्हल्यासारखी करकरत होती. तंबाखूचा वास भपकन आला. भगताने आजवर पुष्कळ भुतं काढली असतील, पण समोर काम करत असलेलं भूत त्याने बहुधा प्रथमच पाहिलं. त्याच्या हातातली राख खाली सांडली.

"चिडलंय!" तो पुटपुटला. "आना पोरीला लवकर! आना!"

सळईचं टोक लाल झालं होतं. कमल म्हणाली, "अहो, नको." एवढंच. आणि त्या "नको"ने माझ्यातला कुठला तरी गंजलेला भाग एकदम सुटला. पोरीला नाही, ज्याने पोरीला छळलं त्याला धरायचं! मी कोपऱ्यातला हातोडा उचलला, शिडीवर चढलो आणि तुळईवर दाणकन घाव घालून ओरडलो, "कोण आहेस तू? बोल! बाहेर ये!"

तुळईतून आवाज आला, "मेल्या, पाडशील की मला!"

थेट माझ्या आईच्या आवाजात.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. भगत "बोललं! म्हातारी हाय! म्हातारी हाय!" असं ओरडत एक पायताण तिथेच टाकून पळाला. माझे पाय शिडीवरून सुटले. आणि मी खाली आलो तो जमिनीवर आलो असतो तर हे लिहायला फार मजा आली असती.

मी शेगडीवर आलो. शेगडी कलंडली, निखारे बाजूला झाले, पण सळई राहिली. लाल, गोल, गुळगुळीत टोकाची.

माझी आरोळी ऐकून आई धावत आली ती देवळातून नव्हे, पलीकडच्या दारातून. हातात मशेरीची डबी, दात काळेकुट्ट, गालांवरून आसवांचे ओघळ. ठकुबाई दुपारी शेतावर जायच्या आणि आईसाठी दार उघडं ठेवायच्या. आई त्यांच्या माजघरातल्या झोपाळ्यावर बसून, सून बघणार नाही अशा बेताने, मशेरी लावायची. रविवारी ठकुबाईंचे मालक घरी असत, म्हणून सुट्टी.

झोपाळा तुळईच्या पलीकडच्या टोकाला, पाळणा अलीकडच्या. तुळई एकच, भिंतीतून आरपार गेलेली; तिच्या भोवतीच्या फटीतून जळक्या तंबाखूच्या मशेरीचा वास इकडे यायचा आणि आज आईचा आवाजही आला. एक झोका हलला की वरचं लाकूड नकळत पिळायचं आणि दुसरा हलायला लागायचा. आणि तो इतका अचूक हलायचा, कारण दोन्ही साखळ्यांच्या लांबीत सुताचाही फरक नव्हता! एक साखळी चार कड्यांनी आखूड असती तर असं झालं नसतं. परीक्षेत मला नेमका यावरच प्रश्न आला होता. मी तो पाठ करून लिहिला होता.

"आज एवढ्या जोरात का झुलत होतीस?" मी पालथा पडून विचारलं.

"जीव थाऱ्यावर नव्हता रे माझा," आई म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "पोरीला भाजणार म्हणून बसवेना, उठवेना." मग ती कमलच्या पाया पडायला निघाली आणि कमलने तिला धरून ठेवलं. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

पण शकूचं पोट तर खरंच दुखत होतं. सोमवारी तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. (मी उभ्याने गेलो.) नर्सबाईंनी पोट चाचपलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "हिला काय काय देता?"

"सकाळी गुटी," कमल म्हणाली. "हिरड्याचे आणि मुरडशेंगेचे दोन दोन वेढे." आणि मग खाली बघून, "पाळणा हलायला लागल्यापासून दुपारीही."

"मीपण देत होते," आई हळूच म्हणाली. "जायफळ जरा जास्त उगाळून. पोर झोपावी म्हणून."

"ठकुबाई ओव्याचं पाणी पाजतात," कमल म्हणाली.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "बाजारातून पोटदुखीच्या औषधाची एक बाटली आणली होती," मी म्हणालो. "तीन वेळा द्यायची. मी सहा वेळा देत होतो."

नर्सबाईंनी सगळं बोटांवर मोजलं. मग म्हणाल्या, "एवढं मला पाजलं तर मीसुद्धा पाय पोटाशी घेऊन रडेन! या वयात थोडंफार रडतातच मुलं, आपोआप थांबतं. आईचं दूध द्या, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, बाकी सगळं बंद. आणि पोटाला डाग द्यायचं कुणी नाव काढलं तर त्याला माझ्याकडे आणा!"

"त्याला आणलंय," कमल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

सगळं बंद केलं आणि आठ दिवसांत शकू संध्याकाळी खेळायला लागली. मी झोपाळ्याची साखळी चार कड्यांनी कापली. आई मशेरी आमच्याच ओसरीवर बसून लावायला लागली. आणि पाळण्याची ती जुनी कडी मी काढून नवी बसवली. सगळा उलगडा झाला होता, तरी बसवली. त्याचं कारण मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शकूला आता स्वतःची मुलं आहेत. तिच्या पोटावर डाग सोडाच, साधा ओरखडाही नाही, आणि याचं मला जे समाधान आहे ते मला सांगता येणार नाही. तिच्या वाट्याचा डाग माझ्याकडे आहे. पावलीएवढा, गोल, कडा अगदी सफाईदार. कुठे आहे ते विचारू नका.

भगत पुढे एकदा बाजारात भेटला. राहिलेलं पायताण मागायला लागला. जाता जाता त्याने विचारलं, "काय राव, गुण आला का?" मी त्याला चार शब्द सुनावणार होतो. पण खोटं कशाला बोलू? त्या शनिवारपासून आजपर्यंत माझं पोट एकदाही दुखलेलं नाही!