मूळ डागांसह

जाहिरातीत लिहिलं होतं: भारतीय तलवार, खूप जुनी, आमच्या कुटुंबातली, मूळ डागांसह. फोटोत पात्यावर मुठीपासून वीतभर खाली काळपट ओघळ होते. मी ते गंज म्हणून सोडून दिले. वापरलेल्या वस्तू विकण्याच्या साइटवर सोफे, बाबागाड्या आणि स्कीच्या बुटांमध्ये ती तलवार होती आणि विकणारा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या खेड्यात राहत होता. मी लगेच निरोप पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. शनिवारी या, कॉफी घेऊ.

तलवार हवी होती सासूबाईंसाठी. कोल्हापूरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पीटी शिकवली, आणि नुसती कवायत नाही, लाठी, तलवार, दांडपट्टा सगळं. त्या उन्हाळ्यात तीन महिने जर्मनीत, हॅनोव्हरला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. इथल्या मराठी मंडळात कुणाला तरी हे कळलं आणि गणपतीच्या कार्यक्रमात मुलांना तलवारीचे हात करून दाखवाच, म्हणून सगळे मागे लागले. त्यांनी एकच अट घातली. "पुठ्ठ्याची तलवार मी हातात धरणार नाही. धार नसली तरी चालेल, पण हाताला वजन लागायला पाहिजे."

नवरा कामानिमित्त स्टुटगार्टला गेला होता, मुलगी मैत्रिणीकडे होती, म्हणून शनिवारी आम्ही दोघीच निघालो. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) मोरपंखी साडीवर माझं विंडचीटर घातलं होतं. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती. आई शाळेतल्या आठवणी सांगत होत्या, मी हसत होते. जातानाचा तो प्रवास छान झाला होता, एवढं मुद्दाम लिहून ठेवते.

विकणारा माणूस पंच्याहत्तरीचा असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, कानात श्रवणयंत्र, बोलणं अत्यंत सभ्य. दारातच त्याने आईंचा हात दोन्ही हातांत घेऊन किंचित वाकून नमस्कार केला. वर बैठकीत कॉफी आणि प्लमचा केक मांडून ठेवला होता. बायको चार वर्षांपूर्वी गेली, केक शेजारीण करून देते, मुलगा ड्रेस्डेनला असतो, फोन करत नाही, हे सगळं त्याने पहिल्या कपातच सांगितलं. आईंना त्याची दया आली. "बिचारा एकटा आहे गं," त्या मला म्हणाल्या आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा त्याच्या आग्रहाखातर घेतला.

मग तो आम्हाला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात घेऊन गेला.

पायऱ्या उतरतानाच वास आला. तळघरं इथे ओलसर असतातच, पण हा वास ओलीचा नव्हता. काहीतरी गोडसर, कुबट, खाटकाच्या दुकानातल्या नाल्यासारखं. भिंतीवर सात-आठ तलवारी टांगल्या होत्या आणि खाली लांबलचक कामाचं बाक होतं. आमची तलवार त्याने मखमलीवर मांडून ठेवली होती. वर एक छोटा दिवा सोडला होता.

त्याने गोष्ट सुरू केली. त्याचे आजोबा जहाजावर होते. मुंबई बंदरात त्यांना ही तलवार एका इंग्रज शिपायाकडून मिळाली. त्या शिपायाने एका देवळाच्या रखवालदाराला मारलं होतं, त्याच्याच तलवारीने. "आल्झो, तर हे डाग," तो बोट पात्यापासून इंचभर वर धरून म्हणाला, "हे त्या माणसाचं रक्त आहे. आम्ही तीन पिढ्या पुसलं नाही. आदरापोटी."

मी भाषांतर करत होते. 'आदरापोटी' म्हणताना माझी जीभ अडखळली, तरी मी म्हटलं.

आईंनी तलवार उचलली. हातात घ्यायच्या आधी शस्त्र कपाळाला लावायची त्यांची जुनी सवय. तीस वर्षं रोज सकाळी मैदानावर त्यांनी तेच केलं असणार. त्यांनी डोळे मिटले, मूठ कपाळाला लावली.

"ओह," तो माणूस हळूच म्हणाला. "एक फोटो काढू का? आठवण म्हणून?"

"गेर्न," मी म्हटलं. खुशाल काढा. आईंना विचारलंसुद्धा नाही.

त्याने टॅबलेटवर तीन-चार फोटो काढले. तेवढ्यात आईंनी तलवार मनगटात एकदा फिरवली, मूठ कानाजवळ नेऊन हलवली आणि मग पातं नाकाशी धरलं.

"नवी आहे," त्या मराठीत म्हणाल्या, चेहरा अगदी शांत ठेवून. "मूठ खुळखुळतीय बघ. अशा तलवारी लग्नाच्या दुकानात फेट्याबरोबर मिळतात. आणि हे रक्त महिन्याभराचं आहे. जुन्या रक्ताला वास राहतो होय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी हनुवटीने बाकाच्या टोकाकडे खूण केली. तिथे दह्याचा असतो तसा प्लास्टिकचा मोठा डबा होता. झाकण अर्धवट लागलेलं. त्यावर रंगकामाचा ब्रश आडवा ठेवलेला, त्याचे केस गडद तपकिरी आणि कडक झालेले. डब्याच्या कडेला घट्ट झालेली साय आणि तिच्यावर दोन माश्या. डब्यावर खाटकाची चिठ्ठी होती. श्वाइनेब्लूट. डुकराचं रक्त. इथे त्याचे सॉसेज करतात, ऑर्डर दिली की मिळतं.



"विचार त्याला," आई म्हणाल्या. "हे काय आहे म्हणून विचार."

त्यांना रक्ताची किळस नव्हती, हे मला सांगायलाच हवं. त्या कोल्हापूरच्या, घरी बकरं पडलं की रक्ती परतून खाणाऱ्या. मलाच लग्नानंतर पहिल्यांदा ती खाताना घाम फुटला होता. त्या बघत होत्या ते त्या माणसाच्या तोंडाकडे. मेलेल्या माणसाचं नाव सांगून तो डुकराचं रक्त विकत होता आणि वर आदर म्हणत होता.

आणि मी विचारलं नाही.

अकरा वर्षं मी या देशात आहे. शेजाऱ्यांना, कचेरीतल्या बाईला, घरमालकाला, सगळ्यांना मी गोड वाटावं याची इतकी सवय झाली आहे, की समोरच्याने लोण्यासारखं हसून पाहिलं की माझा चेहरा आपोआप हसतो. तो हसला. मीही हसले. "गेनाऊ, अगदी खरं, खूप सुंदर आहे," असं काहीतरी म्हणाले. पैसे दिले. त्याने तलवार बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली, चिकटपट्टी लावली, गाडीच्या डिकीत नीट कुलूपबंद ठेवा, कायदा आहे, असंही बजावलं. दारात पुन्हा आईंचा हात हातात घेतला. या वेळी त्यांनी तो लगेच सोडवून घेतला.

 गाडीत अर्ध्या रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "काच खाली कर."

प्लास्टिकमधूनसुद्धा वास येत होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, राहू दे, मी फेकून देते. त्या ऐकेनात. "पैसे दिलेत ना? मग निदान धुऊन तरी ठेवू." बाल्कनीत बादली घेऊन बसल्या. व्हिनेगर, मीठ, भांडी घासायची तारेची घासणी. मी पाणी आणून देत होते. पहिल्या बादलीचं पाणी विटकरी झालं आणि त्यात काळे पापुद्रे तरंगायला लागले, ते त्यांच्या नखांत, बांगड्यांच्या फटीत अडकले. मी बादली न्हाणीत ओतली आणि तिथेच ओकले. दोन दिवस न्हाणीच्या जाळीतून तो वास येत राहिला. मी क्लोरिन ओतलं, कॉफीची पूड टाकली, तरी यायचा. पातं मात्र स्वच्छ निघालं, चकचकीत, दुकानातून आणल्यासारखं, आणि खरं म्हणजे ते तसंच होतं.

कार्यक्रमात त्यांनी ती वापरली नाही. हॉलच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडूचा दांडा काढून घेतला, पदर खोचला आणि लाठी फिरवून दाखवली. इथे वाढलेली मुलं, जी आम्ही मराठीत काही विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देतात, ती "नोखमाल! नोखमाल!" म्हणून ओरडत होती. पुन्हा, पुन्हा. आई घामाघूम होईपर्यंत पुन्हा करत राहिल्या. आठवडाभराने त्या कोल्हापूरला गेल्या. तलवार आमच्या तळघरात उभी राहिली.

नोव्हेंबरमध्ये मी साइटवर मुलीसाठी हिवाळी बूट शोधत होते. साइटला आपण आधी काय पाहिलं ते आठवतं. त्यामुळे मला एक तलवार दिसली. वेगळी मूठ, तेच ओघळ, तीच मखमल. आणि दुसऱ्या फोटोत आई. मोरपंखी साडी, माझं विंडचीटर, मिटलेले डोळे, कपाळाला लावलेली मूठ.

खाली लिहिलं होतं की तलवारीच्या मूळ मालकाच्या घराण्यातली एक वृद्ध स्त्री खास भारतातून आली, आपल्या पूर्वजाचं रक्त पाहून रडली आणि तिने तलवारीची पूजा केली. खरेपणाचा याहून मोठा पुरावा नाही.

मी बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत बसले. अंगावर काहीतरी चिकट पसरल्यासारखं वाटत होतं. माझ्या आईंच्या मिटलेल्या डोळ्यांना त्याने रडणं लावलं होतं. मी त्याला लिहिलं, फोटो काढून टाका. त्याचं उत्तर तासाभरात आलं, नेहमीसारखं सभ्य. फोटोला तुम्हीच परवानगी दिली होती, मला आठवतं. त्यात कुणाचं नुकसान नाही. तुमच्या सासूबाई फार सुंदर दिसतात, लोकांना तो फोटो फार आवडतो. पुढच्या खरेदीवर मी तुम्हाला आनंदाने सवलत देईन.

साइटकडे तक्रार केली, तर आठवड्याने कळलं की तपासणी सुरू आहे.

त्यानंतरच्या शनिवारी मी डिकीत तलवार टाकली आणि एकटीच गेले. निरोप पाठवला नाही. दार त्यानेच उघडलं. आतून कॉफीचा वास येत होता. "किती छान," तो म्हणाला, "पाहुणे आलेत, तुम्हीही या." मी बूटसुद्धा न काढता त्याच्या मागोमाग सरळ खाली उतरले.

तळघरात एक तरुण जोडपं उभं होतं. ती गरोदर होती. तो तलवारीवर वाकून मोबाइलच्या उजेडात डाग बघत होता. बाकावर टॅबलेट होता, त्यावर आईंचा फोटो.

मी बोलायला लागले. माझं जर्मन रागात बिघडतं, व्याकरण सुटतं, पण त्या दिवशी थांबले नाही. म्हटलं, ही माझी सासू आहे. ती पीटीची शिक्षिका आहे. ती रडली नाही. तिचा कुणी पूर्वज इथे नाही. हे डुकराचं रक्त आहे, डबा त्या बाकाखाली असेल, बघा.

डबा खरंच बाकाखाली होता. मी पायाने पुढे सरकवला. झाकण सुटलं. त्या गरोदर बाईने नाकावर हात धरला.

म्हातारा लाल झाला नाही की गडबडला नाही. मान तिरकी करून, दमलेल्या माणसाने लहान मुलाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. "बाई जरा भावुक झाल्या आहेत," तो त्या दोघांना म्हणाला.

मी त्या तरुणाकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल असं मला वाटत होतं. तो खांदे उडवून म्हणाला, "एग्याल, काही फरक पडत नाही. आम्हाला दिवाणखान्यात लावायचीय. गोष्ट छान आहे."

"खोटी आहे," मी म्हटलं.

"हो, पण छान आहे."

त्याच्या बायकोने त्याच्या बाहीला धरून ओढलं, पण ते तळघरातून लवकर बाहेर पडण्यासाठी होतं. त्यांनी ती तलवार घेतली. माझ्यासमोर म्हाताऱ्याने बुडबुड्यांचं प्लास्टिक कापलं, चिकटपट्टी लावली.

ते गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, फोटो काढून टाकल्याशिवाय मी जाणार नाही. पोलिसांना फोन करा हवं तर. बहुतेक त्याला जेवायची घाई असावी. त्याने टॅबलेट घेतला आणि जाहिरातीतले, टॅबलेटमधले, एकेक करत आईंचे सगळे फोटो पुसले, मी खांद्यावरून बघत होते. त्याच्या कॉलरला लव्हेंडरच्या साबणाचा वास येत होता, आणि खालून त्या डब्याचा. मी माझी तलवार त्याच्या बाकावर आदळली आणि पैसेही न मागता वर आले.

गाडी मक्याच्या कापलेल्या शेतांपर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्याला स्वच्छ घासलेलं, कोरं पातं परत नेऊन दिलं होतं. पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्यावर ब्रश फिरणार होता. फुकट. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. त्या म्हाताऱ्याची किळस येत होती, त्या तरुणाची येत होती, पण सगळ्यात जास्त स्वतःची.

दोन दिवसांनी आईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. जाहिरात, ती गोष्ट, फोटो. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. त्यांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"किती लोकांनी बघितला असेल?"

"माहीत नाही, आई."

"आमच्या शाळेतल्या दोन-तीन मुली तिकडं आहेत आता. नोकरीला. मी रडते म्हणून बघितलं असेल त्यांनी."

"आता काढून टाकायला लावलाय मी. माझ्यासमोर पुसला त्याने."

"हो, चांगलं केलंस." मग आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "पण त्या दिवशी मी विचार म्हटलं होतं ना? तेव्हा का नाही विचारलंस?"

मी म्हटलं, संकोच वाटला, त्याने केक केला होता.

"केक शेजारणीने केला होता," आई म्हणाल्या, आणि नातीला फोन दे म्हणाल्या.