डावीकडे फिरणारा बैल

त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या बांड्या बैलाला विसर पडायला लागला. पोलादपूरच्या वर, डोंगरावर आमची वाडी. इतकी वर्षं त्याच गोठ्यात राहिलेला बैल दारात येऊन थांबायचा. आत कसं जायचं ते त्याला आठवायचं नाही. मग कुडाला कपाळ टेकवून ढकलत राहायचा. पुढे तो डावीकडे वळून गोल फिरायलाच लागला.

दिवाळीला मुंबईहून काका आले. परदेशात गायी वेड्या होतात आणि तो रोग माणसालाही लागतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. बैल बघताच त्यांनी घरचा दुधाचा चहा सोडला.

"भावजी, दूध म्हशीचं हाय," आई शांतपणे म्हणाली. "बैल दूध नाय देत."

तरी काका कोराच चहा प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. चढ चढून डॉक्टर दमले होते. त्यांनी बैलाच्या डोळ्यांपुढे हात हलवला, मग त्याचं गोल फिरणं बघितलं. तो परदेशी रोग गुरांना हाडांचा चुरा खाऊ घातल्याने होतो, तुम्ही काय घालता, असं त्यांनी विचारलं. आईला ते इतकं लागलं की तिने सुपात पेंढा आणि कोंडा घेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

मेंदू झिजत चालला असावा, त्यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. नक्की काय ते डोकं उघडल्यावरच कळेल.

"उघडल्यावर बरा व्हईल?" बाबांनी विचारलं.

"ते मेल्यावर उघडतात."

बाबांनी जरा विचार करून नको म्हणून सांगितलं.

नाचणीची मळणी आली. बाबांनी कणसं पसरून त्याला खळ्यातल्या खांबाला बांधलं. एरवी बैल हाकून हाकून घसा बसतो. हा आपणहून फिरत होता. दोन दिवसांत वाडीतले लोक त्याला मागून न्यायला लागले. अडचण एवढीच, की तो थांबत नसे. दाणे भरून झाले, खळं झाडून झालं, तरी त्याचं चालूच. मग बाबा पेंढ्याची मूठ घेऊन त्याच्या बरोबरीने गोल चालत आणि चालता चालता त्याला भरवत. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी काकाही पाण्याची बादली घेऊन त्याच्यामागे फिरले.

माघात तो बसला तो उठलाच नाही. खड्डा खणायला सगळी वाडी आली. नांगरणीच्या दिवसांत शेजाऱ्याने न मागता आपला एक बैल आणून आमच्या गोठ्यात बांधला.