दोन बोटं सैल

समजा, तुमच्या हातात टेप आहे, समोर एक सरळसोट झाड आहे, आणि त्याचा घेर मोजून तुम्हाला ठरवायचंय, की असल्या झाडांनी भरलेली शेजारची जमीन आपल्याला झेपेल का. टेप खोडाभोवती न्यायची तर झाडाला मिठीच मारावी लागते. गाल सालीला लागतो. साल खरखरीत, पण उन्हाच्या बाजूला कोमट. डिंकाचा वास नाकात शिरतो, वर कुठेतरी शेंडे एकमेकांना घासत असतात, आणि क्षणभर आपण इथे कशाला आलो होतो तेच आठवत नाही. टेपबाईंचं प्रत्येक झाडापाशी असं व्हायचं.

टेपबाईंचं शिवणकामाचं दुकान बाजाराच्या गल्लीत, वळणावर. दोन मशिनं, एक उभा आरसा, पडद्याआड कपडे घालून बघायची जागा आणि खिडकीला लागून कापायचं लांब टेबल. टेप कायम गळ्यात, म्हणून हे नाव. नवरा म्हणायचा, हिला बाजारात वाघ भेटला तरी ही आधी त्याची कंबर मोजेल.

नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. जन्मभर आडवी झाडं बघून त्याला उभ्या झाडांची ओढ लागली. गावाबाहेरच्या उतारावर त्याने आणि त्याच्या मित्राने शेजारशेजारची जमीन घेतली. मित्र ट्रक चालवायचा. दोघांनी एकाच ट्रकमधून रोपं आणली आणि एकाच पावसाळ्यात लावली. पुढे नवरा दरवर्षी काही ठरावीक झाडं मोजायचा आणि घेराचा आकडा पांढऱ्या रंगाने बुंध्यावर लिहायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटचे आकडे अजून झाडांवर आहेत, सालीबरोबर जरा फाटलेले.

आता हा ड्रायव्हर मित्र आपल्या मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला निघाला होता आणि जमीन विकत होता. एक गोदामवाला तयारच होता. त्याला झाडं नको होती, सपाट जागा हवी होती. ड्रायव्हरने मात्र आधी येऊन टेपबाईंना विचारलं. मित्राची बायको, पहिला हक्क तिचा, एवढं त्याला कळत होतं.

टेपबाईंची झोप उडाली ती जमिनीच्या हौसेने नाही. ड्रायव्हरची जमीन वाऱ्याच्या अंगाला होती. वादळं तिकडूनच यायची आणि त्याचीच झाडं ती अंगावर घ्यायची. मागे टेपबाईंची झाडं आडोशाला वाढलेली, उंच, सडपातळ. ज्या झाडाने कधी वारा सोसला नाही त्याची मुळं आळशी असतात, असं नवरा सांगायचा. पुढचं रान कापलं गेलं तर पहिल्याच मोठ्या वादळात मागचं आडवं होणार, हे त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणजे शेजारचं घेतलं नाही तर आपलंही जाणार.

बँकेतला साहेब भला माणूस होता. त्याने चहा मागवला, कागद पाहिले आणि सांगितलं, की उभ्या झाडांवर कर्ज मिळत नाही, दुकान तारण ठेवलं तर मिळेल, हप्ता दरमहा. टेपबाई म्हणाल्या, झाडं काही दरमहा पैसे देत नाहीत. त्यावर तो हसला आणि म्हणाला, की काकू, बँकेत झाडांचं वेगळं कॅलेंडर नसतं.

मग लेकीने लॅपटॉपवर हिशेब मांडला. ती पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसात कामाला. दरमहाचा हप्ता दुकानातून जाईल. दर काही वर्षांनी विरळणी करायची, म्हणजे दाटीतली कमजोर झाडं काढायची, की बाकीच्यांना उजेड मिळतो; त्या लाकडाच्या पैशातून कर्जाचा मोठा तुकडा फेडायचा. सगळं अडत होतं एकाच गोष्टीवर. झाडं किती वेगाने जाड होताहेत?

ते शोधायला टेपबाई आपल्या रानात गेल्या आणि नवऱ्याने लिहिलेल्या आकड्यांपाशी टेप लावत फिरल्या. झाडं चांगलीच भरली होती. तीन वर्षांत इतकी, की त्यांना वाटलं, तो गेल्यावर झाडांनी मनावर घेतलं. त्यांनी फोनवर आकडे सांगितले. लेकीच्या पडद्यावरचा शेवटचा चौकोन हिरवा झाला. लेक म्हणाली, “जमतंय आई. ओढाताण होईल, पण जमतंय.”

ते दिवस टेपबाईंनी तरंगत काढले. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर यायचं, मशीन चालायचं, आणि त्याचा आवाज हळूहळू शेंड्यांतल्या वाऱ्यासारखा व्हायचा. भिंतीला उभे टेकवलेले कापडाचे तागे बघता बघता खोडं व्हायचे. त्यांच्यामधून एक वाट जायची, दोन जमिनींमधल्या तारेच्या कुंपणापाशी थांबायची नाही, तशीच पलीकडे उतरत जायची. पलीकडे नक्की काय आहे हे त्यांनी पूर्वी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता त्या तिथे एक झरा घालायच्या, कधी बसायला दगड. गिऱ्हाईक पडद्याआडून हाक मारायचं, बाही आखूड झाली म्हणून, तेव्हा त्या कुठूनतरी लांबून परत यायच्या.

व्यवहाराचं बोलायच्या आधी एकदा ड्रायव्हरची झाडंही मोजायची ठरली. रविवारी सकाळी दोघं तिकडे गेले. तार ओलांडताना टेपबाईंनी चप्पल हातात घेतली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झरा नव्हता. पण जमिनीवर वाळक्या पानांचा असा थर होता, की दोघांच्या पावलांचा आवाजच येईना. उजेड वरून गाळून आल्यासारखा. ड्रायव्हर टेपचं टोक धरायचा, टेपबाई फेरी मारून यायच्या, आकडा बोलायच्या. चार-पाच झाडं झाल्यावर त्याने टोक सोडलं.

“वहिनी, बोटं काढा.”

“कसली बोटं?”

“टेपखाली दोन बोटं घालताय तुम्ही. मघापासून प्रत्येक झाडाला.”

टेपबाईंनी खाली पाहिलं. टेप आणि साल यांच्यामध्ये त्यांची दोन बोटं होती, उजव्या हाताची, इतकी सवयीने बसलेली, की ती आपली आहेत हेसुद्धा त्यांना वेगळं जाणवलं नव्हतं. हयातभर त्यांनी असंच माप घेतलं होतं. दोन बोटं सैल ठेवायचं, म्हणजे कपडा काचत नाही.

“असं ठेवलं नाही तर श्वास कसा घेणार माणूस?” त्या म्हणाल्या.

“माणूस घेईल. याला काय कोट शिवताय?”

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता थांबलं. नवरा टेप खोडात रुतेल इतकी घट्ट धरायचा. त्याच्या घट्ट आकड्यांपुढे त्यांनी आपले सैल आकडे ठेवले होते आणि मधल्या फरकाला वाढ म्हटलं होतं. झाडांनी मनावर वगैरे काही घेतलं नव्हतं. त्यांनी बोटं काढली, टेप आवळली, पुन्हा वाचलं. मग त्या खालीच बसल्या, पानांच्या थरावर.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “भाऊजी, तुम्ही बोलला नसतात तर तुमची किंमत आली असती की. का सांगितलंत?”

“पैसे मलाही हवेत, वहिनी. मुलाच्या घराला हातभार लावायचाय,” तो म्हणाला. “पण तो असता ना, तर त्याने मला याच झाडावर उलटा टांगला असता.”

दुसऱ्या दिवशी टेपबाईंनी आपली झाडं पुन्हा मोजली, बोटं न घालता. वाढीतला जवळजवळ तिसरा हिस्सा बोटांचा निघाला. लेकीने आकडे बदलले आणि हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. मग म्हणाली, की आता नुसत्या विरळणीवर भागत नाही. हप्ते फेडायला चांगली, भरात आलेली झाडंसुद्धा काढावी लागतील, दोन्हीकडची.

“म्हणजे जंगल घ्यायला जंगलच कापायचं,” टेपबाई म्हणाल्या.

“आई, खरं सांग. तुला ती जमीन हवीय, की बाबा?”

टेपबाई म्हणाल्या, मला माझी झाडं उभी हवीत, बाकी काय हवंय ते मागाहून बघू. आणि फोन ठेवून त्यांनी एका बाईची राहिलेली कॉलर लावायला घेतली.

तो आठवडा स्वप्नातली वाट तारेपाशीच थांबत होती. मग एका दुपारी कापड कमी पडलेला एक सदरा समोर आला. कापड पुरत नसेल तर टेपबाई सगळं आखूड करत नसत; जिथे ताण येतो तिथे जोड द्यायच्या. त्यांनी ड्रायव्हरच्या जमिनीचा नकाशा टेबलावर पसरला, त्यावर खडूने आपल्या हद्दीला लागून एक रेघ ओढली आणि ती खूप वेळ बघत बसल्या. सगळं रान नाही. नुसता एक पट्टा, आपल्या झाडांच्या पुढ्यात.

ड्रायव्हर आधी चिडलाच. पट्टा काढून दिला तर गोदामवाला भाव पाडणार, त्याला सबंध चौकोन हवाय, मी काय जमीन कापडासारखी वाराने विकायला बसलोय का, वगैरे. दोन दिवस तो दुकानासमोरून मान वळवून गेला. तिसऱ्या दिवशी आत आला आणि स्टुलावर बसला. गोदामवाला किती कमी देणार, ते त्याने सांगितलं. टेपबाईंनी त्यातलं निम्मं आपल्या किमतीत धरलं. निम्मं तुम्ही सोसा, म्हणाल्या. त्याने मुलाला, घराला, महागाईला मध्ये आणून पाहिलं. टेपबाई बटणं लावत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, गिऱ्हाईकांचं तुमच्यापुढे कसं होत असेल देव जाणे. पट्टा ठरला. थोडे पैसे साठवलेल्यातले, बाकी दुकानावर छोटं कर्ज, हप्ता दुकानाला पेलेल एवढाच. झाडांनी यातलं काही द्यायचं नव्हतं. त्यांनी फक्त उभं राहायचं होतं.

मधली तार काढली त्या संध्याकाळी टेपबाई नव्या झाडांमधून चालत गेल्या. वाट फार लांब जात नाही. जरा चाललं, की खुणेचे खुंट लागतात, आणि त्यांच्यापलीकडचं रान आता गोदामवाल्याचं, अजून हिरवं, अजून हलणारं. तिथली झाडं जातील तेव्हा वारा थेट या पट्ट्यावर येईल. हीही झाडं आजवर कुणाच्या तरी मागेच उभी होती.

पट्ट्याची रुंदी पैशाने ठरवली होती, वाऱ्याने नाही, हे टेपबाईंना ठाऊक आहे. रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं होतं, झाडाच्या उंचीएवढा पट्टा पुरतो. लेकीने कुठेकुठे वाचून त्याच्या दुप्पट सांगितला. ड्रायव्हरने जाताना ट्रकच्या खिडकीतून हात हलवला आणि म्हणाला, ते वाऱ्यालाच विचारा. दुकानात कुणी शेतीवाडीतलं, वखारीतलं आलं, की माप घेता घेता टेपबाई त्यालाही विचारतात: मागची झाडं उभी राहावीत म्हणून पुढे नक्की किती झाडांनी वारा सोसायला हवा?