शिफ्ट विचारून औषध देणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई देवकर यांच्याशी माझी पहिली भेट बातमीच्या निमित्ताने झाली. लोक फोनवरून औषधं मागवू लागले होते, सवलतींची चकचकीत दुकानं उघडत होती. अशात गल्लीतल्या लहान मेडिकलचं काय होणार, यावर मला संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता. दुपारी तीनच्या सुमारास मी संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या दुकानात पोहोचलो. काचेतून आलेलं ऊन बाटल्यांवर रेंगाळत होतं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. पांढऱ्या कोटातल्या ताई निम्म्या रिकाम्या रॅककडे पाहत उभ्या होत्या, लांबून येणारं गाणं ऐकत असाव्यात तशा.

"हा रॅक काढला तर इथे दोन खुर्च्या आणि एक पडदा बसेल का हो?" त्यांनी मलाच विचारलं.

बातमी वेळेत गेली. मी मात्र त्या दुकानात जात राहिलो. ताई साठ वर्षांच्या होत आहेत, म्हणून त्यांच्या स्नेह्यांसाठी त्यातलं थोडं लिहितो.

त्यांचे यजमान सुरेशराव पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातले. मोबाइलचं दुकान काढू पाहणारा एक जण ताईंच्या दुकानाचा गाळा भाड्याने मागायला त्यांच्याकडे खेपा घालत होता.

"अगं, लोक आता घरबसल्या औषधं मागवत्यात. तू काचंमागं कुणाची वाट बघत बसतीस?"

"दिवाळीपर्यंत बसते. नाही जमलं तर किल्ली तुमच्या हातात," ताई म्हणाल्या. तीस वर्षांचं दुकान त्यांनी असं सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं.

पुढे जे घडलं त्याची सुरुवात एका चुकीपासून झाली. ताई ती कधी लपवत नाहीत. लातूरकडून आलेले बबनराव चाकणच्या एका कारखान्यात फिरत्या शिफ्टमध्ये काम करतात. त्यांना साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. 'सकाळी नाश्त्याआधी' असं ताईंनी पाकिटावर ठळक लिहून दिलं. त्या आठवड्यात बबनरावांची तिसरी, म्हणजे रात्रीची, शिफ्ट होती. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ते घरी आले, लिहिल्याबरहुकूम गोळी घेतली आणि थकव्याने न खाताच झोपले. थोड्या वेळाने त्यांची बायको धावत दुकानात आली. "ताई, हे उठंनात ओ! घामानं भिजलेत नुसते."

ताई दुकान उघडं टाकून गेल्या. साखर तपासली, ती फार उतरली होती. त्यांनी गालाच्या आतून साखर चोळली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. बबनराव वाचले.  नंतर ताई म्हणाल्या, "मी घड्याळ बघून लिहिलं. माणूस कधी जेवतो, कधी झोपतो, ते विचारलंच नाही."

तेव्हापासून त्यांच्याकडे औषधाआधी प्रश्न येतो, "या आठवड्यात शिफ्ट कुठली?" मग त्या डॉक्टरांना फोन लावून वेळ ठरवून घेतात आणि तिन्ही शिफ्टच्या तीन वेगळ्या चिठ्ठ्या देतात. सुरुवातीला एक डॉक्टर वैतागले. "गोळी कधी घ्यायची ते आता मेडिकलवाले ठरवणार का?"

"नाही सर, तुम्हीच ठरवा. पेशंट सकाळी झोपतो, एवढंच कळवतेय."

 मग डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. आज तेच डॉक्टर आपले पेशंट ताईंकडे पाठवतात.

रॅक निघाला, खुर्च्या आल्या, पडदा लागला. पडद्याआड रक्तदाब आणि साखर तपासली जाऊ लागली. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं ताई सांगू लागल्या. ती कुठून घेतली, हे त्या विचारत नाहीत. सुरेशराव चिडवायचे, "दुसऱ्याचा माल, अन् पंचाईत आपली!" माझ्या आईची पिशवी त्यांनी अशीच ओतली. दोन डॉक्टरांनी दिलेली दोन नावांची गोळी एकच निघाली. आईची कित्येक महिन्यांची चक्कर कशामुळे, ते त्या दुपारी समजलं. निघताना आई म्हणाली, "इथं बसलं की घाई सुटते बाई." मलाही तिथे तसंच वाटतं. बाहेर बसगाड्यांची वर्दळ असते आणि आत ताईंचा आवाज, हळू, स्वप्नातल्यासारखा, एकेका गोळीचं काम समजावत असतो.

दिवाळीच्या आधी तो गाळा मागणारा मापाची टेप घेऊन सुरेशरावांसोबत आला. मी तिथेच होतो. दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या, तिघे उभे होते, तळवड्याहून आलेलं एक जोडपं पायरीवर बसलं होतं. सुरेशरावांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, हा गाळा न्हाई मिळायचा. शेजारचा रिकामा होनार असंल तर आमालाच कळवा."

ताईंनी मान वर केली नाही. हातातली चिठ्ठी मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

शेजारचा गाळा आता त्यांच्याकडे आहे. तिथे काय काय करायचं, हे त्या अजून दुपारच्या उन्हात उभ्या राहून मनातल्या मनात मांडत असतात. ते सगळं उभं राहिलेलं पाहायला त्यांना भरपूर निरोगी वर्षं मिळोत, गुडघे कुरकुर न करता साथ देवोत. आणि त्या साऱ्या वर्षांत ताई स्वतःची गोळी वेळेवर घेतात की नाही, एवढं सुरेशरावांनी पाहावं, ही आम्हा सर्वांची त्यांना विनंती.