नदीपलीकडचं मामाचं घर

अकोल्याहून निघाले तेव्हा आईनं माझ्या बॅगेत पोळपाट कोंबला आणि म्हणाली, "तिथं आपलं माणूस मिळालं नाही, तर करून घे." स्टेशनवर बाकी सगळे रडत होते, आणि ही बाई फर्मान सोडत होती! आज अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत बसून तुम्हाला सांगते, तिकडे राहिलेल्यांना आणि इकडे आलेल्यांनाही: मी माणूस आपलं केलं हो, पण आपल्याच लोकांना ते चाललं नाही.

सुमिंत्रा मावशी आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहते. ती कॅरिबियनकडच्या गयाना देशातली; तिकडे सुमित्राचं सुमिंत्रा झालेलं. तिच्या पणजीला इंग्रजांनी ऊस तोडायला करारावर हिंदुस्थानातून जहाजानं तिकडे नेलं होतं. माझी रेवा झाली तेव्हा आईचा व्हिसा रिजेक्ट झाला होता. मी एकटी, रडकुंडीला आलेली. मावशी तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि पाय पसरून तिनं बाळाला असं काही चोळलं की मी बघतच राहिले. "माझी आजी असंच करायची," म्हणाली. सगळं इंग्रजी, आणि मध्येच चक्क "आजी"! घर सोडताना मला पोळपाट मिळाला, तिला तिच्या आईनं एअरपोर्टवर तवा दिला होता. ती आई मावशीला पुन्हा दिसली नाही. तवा अजून रोज स्टोव्हवर चढतो.

गेल्या वर्षी मावशी विसरायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. तेवढ्यात आमच्या इथल्या मराठी मंडळानं टूम काढली, इथं आलेल्या माणसांच्या गोष्टी व्हिडिओवर रेकॉर्ड करून जपायच्या. "कुणालाही आणा," म्हणाले. मी मावशीला घेऊन गेले.

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: मूळ गाव कोणतं? ते कळल्याशिवाय समोरच्या माणसाचं काय करायचं हेच आपल्याला समजत नाही. मावशीनं डोळे मिटले. "नाव पणजीबरोबर गेलं. आजीला ती एवढंच सांगायची, गावात नदी होती, आणि नदीपलीकडे मामाचं घर." मग ती दुपारभर बोलली. उसाचं रान, तो तवा, न्यूयॉर्कमध्ये परक्या म्हाताऱ्यांची केलेली सेवा. शेवटी शॉटसाठी म्हणून तिच्याकडून एक डाळपुरी लाटून घेतली.

ते व्हिडिओ दाखवायच्या कार्यक्रमाला मावशी नवी साडी नेसून, नात अलीशाला घेऊन पहिल्या रांगेत बसली. बाकीच्यांची गावं, कॉलेजं, प्रमोशनं सगळं सविस्तर. मावशीच्या वाट्याला काय? लाटणं, मागे ढोलकी, खाली "फ्यूजन फूड!" संपलं. अलीशानं विचारलं, "ग्रँडमा, नदी कुठंय?"

मी सेक्रेटरीला गाठलं. निखिल त्याचं नाव, पोरगेलासाच. "अगं, स्टोरीला गावाचं नावच नाही. आणि टेक्निकली त्या आपल्या नाहीत ना, यार. बाकीचं डिलीट केलं, स्पेस नव्हती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या पणजीला बोटीत घालून नेलं असतं, तर तुला तरी माहीत असतं का रे गावाचं नाव? आपण सगळे आपल्या मर्जीनं विमानात बसलो, म्हणून एवढी मिजास! त्या बाईच्या डोक्यातून ते रोज पुसलं जातंय, आणि तू बटण दाबून उरलेलं पुसलंस!" अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. बघेनात का.

पुढच्या रविवारी मी मावशीच्या किचनमध्ये रेकॉर्डिंगला फोन उभा केला. मावशीला तवा आठवला. आजीही आठवली. नदी आठवेना. "मावशी, पलीकडे मामाचं घर होतं ना?" मी म्हटलं. तिनं मोठ्या आदबीनं मला विचारलं, "हो? कुणाच्या मामाचं?"

अलीशा तोंड फिरवून रडायला लागली. मी फोन बंद केला नाही. मावशीचा हात धरला आणि तिची गोष्ट आठवेल तशी मीच सांगितली. मावशी ऐकत होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. मध्येच म्हणाली, "बिचारी."

घर म्हणजे काय, ते आता मला नीट माहीत आहे. आपण विसरलो तरी जिथं कुणीतरी आपलं सगळं लक्षात ठेवतं, ते घर. मंडळात मी आता जात नाही. पण कुठं कुणी विचारलंच, की तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी दोन गावं सांगते. एक अकोला. दुसऱ्या गावाला नदी आहे, आणि नदीपलीकडे मामाचं घर. "नाव काय त्याचं?" विचारतात. नाव नाही म्हणते. तसंच लिहून घ्या.