कळसमधलं धुकं
ओल्या मातीचा गार वास आला की मला कळसमधली एक पहाट आठवते. घाटमाथ्यावरच्या गावातून लग्न होऊन मी तिथं गेले होते. माहेरी पावसाळाभर धुकं घरात शिरायचं. इथं नजर पोचेल तिथवर उघडा माळ आणि कोरडं वारं. मला करमेना, अन्न जाईना, म्हणून भाऊ मला कायमचं न्यायला आला. निघायच्या दिवशी सासूबाईंनी पहाटेच उठवलं. "पोरी, भाईर ये." कालव्याकाठचं शिवार धुक्यात बुडालं होतं. "तुज्या गावात असंच असतं का गं?" त्यांनी विचारलं. मी "होय" म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नव्यानंच सुरू झालेल्या एस.टी.नं भाऊ एकटाच परत गेला. आज वाटतं, त्या तेव्हा 'राहा' म्हणाल्या असत्या, तर मी गेले असते.